पॅडची जागा

मिस्त्रीच्या दुकानात सर्फबोर्ड घ्यायला आलेल्या माणसाला आधी जमिनीवर पालथं पडावं लागे. मग तो कुणी का असेना. बँकेतला साहेब असो, नाहीतर नुकतीच पोहायला शिकलेली कॉलेजातली मुलगी असो, बूट-चपला बाहेर, तळपायांना खडूची पूड, आणि काळ्या सतरंजीवर पोट टेकून आडवं. मग मिस्त्री मागून टाळी वाजवी. टाळी वाजली की लाट आली असं समजायचं आणि एका उडीत उभं राहायचं. असं तीन वेळा. सतरंजीवर पांढरे ठसे उमटत, मिस्त्री गुडघ्यांवर बसून ते टेपनं मोजी, आणि त्यानंतरच कुठला बोर्ड या विषयाला तोंड फुटे.

"अहो, मी सांगतो ना, माझा उजवा पाय मागे असतो," असं कुणी म्हणालंच तर मिस्त्री मान डोलवी आणि सतरंजीकडे बोट दाखवी. त्याचं म्हणणं एकच. माणसाच्या तोंडाला विचारलं की तोंड वजनातले पाच किलो कमी करतं आणि अनुभवातली पाच वर्षं वाढवतं. पाय बिचारे जिथे पडायचे तिथेच पडतात.

आणि सगळा खेळ त्या मागच्या पायाचा असतो. बोर्ड वळवायचा तो मागच्या पायानं. म्हणून बोर्डाच्या शेपटाकडे फोमची एक खरखरीत पट्टी चिकटवतात, तिला पॅड म्हणायचं. त्याच्यावर पाय पडला तर घट्ट बसतो. चार बोटं इकडे-तिकडे पडला तर नुसतं मेण लावलेल्या भागावरून सटकतो आणि माणूस पाण्यात. मिस्त्रीनं तेवीस वर्षांत हजारभर पॅड चिकटवली असतील, आणि जागा चुकली म्हणून एकही परत आलं नव्हतं. हे तो स्वतःहून कुणाला सांगत नसे, पण विषय निघाला तर आवरतंही घेत नसे.

एकाच माणसाला त्यानं जन्मात सतरंजीवर आडवं पाडलं नव्हतं. ती म्हणजे त्याची ताई.

ताई त्याच्याहून सहा वर्षांनी मोठी. त्याला पाण्यात ढकलणारी तीच आणि बुडायला लागल्यावर केसांना धरून वर काढणारीही तीच. गेली तीस वर्षं ती किनाऱ्यावरच्या शाळेत लोकांना लाटेवर उभं राहायला शिकवत होती, आणि सगळा किनारा तिला नुसतं 'बाई' म्हणे. तिचा उजवा पाय बोर्डावर कुठे पडतो हे मिस्त्रीला झोपेतून उठवून विचारलं असतं, तरी त्यानं बरोबर तिथेच बोट ठेवलं असतं. तिला मोजायचं काय?

चौदा महिन्यांपूर्वी शाळेच्या जिन्यावरून उतरताना ताईचा पाय घसरला. एवढ्या लाटा अंगावर घेतलेली बाई, आणि पडली ती सात पायऱ्यांच्या जिन्यावरून. उजव्या घोट्याचा चुरा झाला. तीन ऑपरेशनं झाली. शेवटी डॉक्टरांनी हाडं स्क्रूनं एकमेकांना जखडून टाकली. दुखणं थांबलं, काठी सुटली, चालणंही जवळजवळ पहिल्यासारखं झालं. फक्त घोटा आता वाकणार नव्हता. 'कधीच नाही,' असं डॉक्टर म्हणाले, आणि ते शब्द घरात पुन्हा कुणी उच्चारले नाहीत.

त्या सकाळी ताई दुकानात आली तेव्हा मिस्त्री एका बोर्डाची कड घासत होता. मागून तिची मुलगी, म्हणजे मिस्त्रीची भाची, ताईचा जुना बोर्ड काखेत घेऊन आत शिरली.

"ठोंब्या, याचं पॅड बदल," ताई म्हणाली. लहानपणापासून ती त्याला याच नावानं हाक मारायची. दुकानात गिऱ्हाईक असलं तरी तिची जीभ अडखळत नसे.

मिस्त्रीनं हातातला पॉलिशपेपर खाली ठेवला. "पाण्यात गेली होतीस?"

"गेल्या आठवड्यात. उभीच राहता येईना. पाय सटकतोय सारखा. पॅड बघ ना, किती झिजलंय."

पॅड झिजलं होतं हे खरंच. कडा सुटल्या होत्या आणि टाचेखालच्या खोबणी सपाट झाल्या होत्या. ते बघून मिस्त्रीचा जीव भांड्यात पडला. पॅडचाच दोष असेल तर देव पावला. पॅड बदलता येतं.

तरी तो जरा चाचरत म्हणाला, "ताई, थोडा लांब बोर्ड घेऊन बघतेस का? लांब बोर्ड पाण्यावर ठाम राहतो, उठायला वेळ मिळतो." त्यानं मांडणीवरून एक लांबलचक बोर्ड अर्धा बाहेर ओढला.

ताईनं त्याच्यावरून वरपासून खालपर्यंत नजर फिरवली. "हा बोर्ड आहे का दार? याला कडी लाव आणि तुझ्या संडासाला बसव."

भाची फिसकन हसली. मिस्त्रीनं दार परत जागेवर ढकललं.

दुपारी तो कामाला बसला. केस वाळवायच्या ड्रायरनं जुन्या पॅडखालचा गोंद मऊ केला, गळाचा नायलॉन दोरा दोन्ही हातांत ताणून पॅडखालून करवतीसारखा ओढला. पॅड उचकटलं. खाली राहिलेला गोंद त्यानं थिनरनं पुसला, आजूबाजूचं मेण खरवडलं, बारीक कागदानं जागा घासली, मग स्पिरिटनं पुसून काढली. उन्हानं बोर्ड सगळा पिवळट पडला होता, पण पॅडखालचा भाग पहिल्या दिवसासारखा पांढरा होता. नव्या पॅडची जागा आयतीच आखून ठेवलेली. मिस्त्रीनं नवं पॅड त्या पांढऱ्या डागावर कडेला कड जुळवून बसवलं. केसभरही इकडे-तिकडे नाही. वर वाळूच्या पिशव्या ठेवल्या आणि अख्खा दिवस बोर्डाला हात लावला नाही, कारण गोंदाला तेवढा वेळ दिलाच पाहिजे.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिघं किनाऱ्यावर गेली. लाटा अगदी शहाण्या होत्या, कमरेएवढ्या, एकामागोमाग एक. मिस्त्री आणि भाची वाळूत बसली.

पहिल्या लाटेला ताईनं हात मारले, बोर्डानं वेग घेतला, ती उठायला गेली आणि बाजूला कलंडली. दुसऱ्या लाटेला तेच. पाचवीला तेच. पाण्यातून वर आली की ती केस मागे सारून पुन्हा आत जायची, किनाऱ्याकडे न बघता. किनाऱ्यावर तिनं शिकवलेले दहा-बाराजण तरी होते. ते सगळे मुद्दाम दुसरीकडे बघत होते, कुणी दोरी सोडवत होतं, कुणी आकाश निरखत होतं, आणि त्यांचं ते न बघणं ताईला न बघताही कळत होतं. मिस्त्री पंधरापर्यंत मोजत होता. मग त्यानं मोजणं सोडून दिलं.

दीड तासानं ती बाहेर आली. बोर्ड वाळूत टाकला.

"हे पॅड भिकार आहे," ती म्हणाली. मग थोडं थांबून, अगदी शांत आवाजात म्हणाली, "तुझ्या दुकानात ठेव हा. कुणाला हवा असेल तर देऊन टाक. आणि बाकीचे दोन घरी आहेत, तेही घेऊन जा. मला आता नकोत."

ती वाळूतून चालत गेली. न वाकणाऱ्या पायानं मऊ वाळूत चालणं सोपं नसतं, तरी तिनं कुणाचा हात घेतला नाही. मिस्त्रीला ताईचा राग माहीत होता, आरडाओरडा माहीत होता, पण हा आवाज माहीत नव्हता. ओरडली असती तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

दुकानात येऊन त्यानं बोर्ड टेबलावर ठेवला आणि बघतच राहिला. नवं पॅड कोरं करकरीत होतं. मेणावर घासलेला पाय पॅडवर आला की खोबणीत पांढरे कण अडकतातच. इथे एक कण नव्हता. दीड तासात ताईचा पाय त्या पॅडवर एकदाही पडला नव्हता. पण पॅडच्या पुढे, दीड वीत अंतरावर, मेण एकाच ठिकाणी चांगलं वाटीएवढं घासून निघालं होतं.

"मामा," भाची म्हणाली, "तू सगळ्यांना आडवं पाडतोस. आईला का नाही पाडलंस?"

"तिला काय मोजायचंय? तिचा पाय मला माहीत आहे."

"चौदा महिन्यांपूर्वीचा माहीत आहे."

पोरगी बरोबर बोलत होती. परक्या माणसाच्या तोंडचं एक अक्षर खरं न मानणारा हा माणूस, बहिणीच्या बाबतीत एका जुन्या डागावर विसंबला होता. आणि खरं सांगायचं तर तो विसरला नव्हता. सतरंजीकडे त्याची नजर गेली होती त्या दिवशी. ताई आडवी पडणार, आपण टाळी वाजवणार, आणि ती उठू शकणार नाही, हे त्याला बघायचं नव्हतं. म्हणून ते त्यानं सगळ्या किनाऱ्याला बघायला लावलं होतं. स्वतःची एवढी लाज त्याला पूर्वी कधी वाटली नव्हती.

तो तसाच उठला. सतरंजीची गुंडाळी खांद्यावर टाकली, खडूच्या पुडीचा डबा भाचीकडे दिला, आणि भर उन्हात बहिणीच्या घरी गेला.

ताई तिच्या खोलीत खिडकीपाशी बसली होती. दाराआड काठी उभी होती, खुर्चीच्या पाठीवर व्यायामाचे रबरी पट्टे लोंबत होते.

"ते काय आणलंस?"

"सतरंजी."

"घेऊन जा."

"ताई, चूक माझी आहे. पॅड मी चुकीच्या जागी चिकटवलं."

"जुन्याच जागी चिकटवलंस ना?"

"हो. तीच चूक."

ताईनं त्याच्याकडे बघितलं. भाचीनं काही न बोलता खुर्ची सरकवली, पलंग भिंतीला लावला आणि मधल्या जागेत सतरंजी पसरली. मग ताई उठली, खांद्यावरची ओढणी काढून पलंगावर फेकली, आणि आडवी झाली.

मिस्त्रीनं तिच्या तळपायांना पूड लावली. उजव्या घोट्यावरचे टाक्यांचे व्रण त्यानं इतक्या जवळून आजच पाहिले. त्यानं टाळी वाजवली.

ताईनं दोन्ही हात दाबले, अंग उचललं, डावा पाय सर्रकन पुढे आला, अगदी पूर्वीसारखा. उजवा मात्र खालून येताना अडला. तळवा टेकायला घोटा वाकावा लागतो, तो वाकेना. धप्पकन गुडघा टेकला. बोर्डावरचं मेण यानंच घासलं होतं.

"गुडघा!" ताई स्वतःवरच ओरडली.

हा शब्द साऱ्या किनाऱ्याला पाठ होता. नवशिक्या माणसाला उठताना गुडघा टेकायची वाईट खोड असते, आणि ती मोडण्यात ताईची हयात गेली होती. गुडघा टेकला की वीस उठाबशा. मग तो बँकेतला साहेब का असेना.

दुसऱ्यांदा टाळी. पुन्हा गुडघा. तिसऱ्यांदा तिनं सगळा जोर लावून पाय ओढला आणि ती कुशीवर आदळली. भाची पुढे धावली. ताईनं हातानंच तिला थांबवलं. उठून बसली, मांडीवर मूठ आपटली.

मिस्त्री तिच्यासमोर बसला, डब्यातली पूड घेतली आणि तिच्या उजव्या गुडघ्याला चोळली.

"हे काय चाललंय तुझं?"

"आता गुडघ्यावरच ये. मुद्दाम."

"वेडा आहेस का तू? तीस वर्षं मी लोकांना गुडघा टेकू नका म्हणून सांगत आले. आणि आता त्यांच्यासमोर मी गुडघे टेकू?"

"त्यांचे घोटे वाकत होते, ताई."

चौदा महिन्यांत पहिल्यांदा घरातलं कुणीतरी ते तिच्या तोंडावर बोललं होतं. मिस्त्रीला वाटलं, आता आपल्याला घराबाहेर काढणार ही.

ताईचे डोळे भरून आले. तिनं ते पुसले नाहीत. "नाही वाकत रे," ती म्हणाली. "किती केलं मी. रोज सकाळी तासभर ते पट्टे ओढते. नाहीच वाकत."

"माहीत आहे."

"तुला माहीत होतं तर बोलला का नाहीस?"

"घाबरलो," मिस्त्री म्हणाला.

ताईनं हातानं सतरंजीची सुरकुती सारखी केली. मग नाक ओढलं, पालथी झाली आणि म्हणाली, "वाजव."

डावा पाय पुढे, उजवा गुडघा खाली, आणि त्याच्यामागे उजव्या पायाची बोटं जमिनीत रोवलेली. घोटा काटकोनात जखडलेला, त्यामुळे ती बोटं खुंटीसारखी पक्की बसली. ताई डगमगली नाही. पुन्हा टाळी. पुन्हा. मिस्त्रीनं टेप काढला. सतरंजीवर गुडघ्याचे तीन पांढरे ठसे होते, आणि तिन्ही एकावर एक पडले होते. कडेला जेमतेम बोटभर फरक.

"एवढे नेमके तर तुझे पायही कधी पडले नव्हते," तो म्हणाला.

"पायांना नावं ठेवू नकोस," ताई म्हणाली, पण तीही वाकून ठसे बघत होती. बोटानं तिनं त्यांची कड चाचपली. सकाळपासून चेहऱ्यावर आलेलं ते मेलेपण जरा हललं होतं.

दुसऱ्या दिवशी ती दुकानात आली आणि मिस्त्रीला बाजूला सारून तिनं मांडणीचा ताबा घेतला. एकेक बोर्ड खाली उतरवून जमिनीवर ठेवायचा, गुडघ्यावर येऊन दोन्ही बाजूंना कलून बघायचं, काखेत धरून तोलायचा. मिस्त्रीनं पुन्हा तो लांब बोर्ड सुचवला, सवयीनं.

"लांबी कशाला हवीय?" ती म्हणाली. "उभी राहणार नाहीये मी. अंग खाली आलं, तोल खाली आला. मला आखूड हवा आणि मध्ये रुंद. एवढी वर्षं करतोस काय दुकानात?"

मिस्त्रीनं कान पकडले. तिचं खरं होतं. मोजून झाल्यावरही तो तिला जुन्या अंदाजानंच बोर्ड द्यायला निघाला होता. तिनं निवडलेला बोर्ड आखूड, जाड आणि बुटका होता. मांडणीच्या तळाशी दोन वर्षं पडून होता आणि त्याला कुणी विचारलंही नव्हतं.

पॅड दोघांनी मिळून लावली. गुडघ्यासाठी जाड फोमचा मोठा तुकडा, आणि मागे बोटांसाठी उंच कडेची एक अरुंद पट्टी. मोजमाप सतरंजीवरून घेतलं होतं, तरी ताईनं बोर्डावर पुन्हा गुडघा टेकून पेन्सिलीनं कड आखायला लावली. मिस्त्रीनं ब्लेडनं फोमच्या कडा तिरक्या कापल्या, मागचा कागद सोलला, पॅड टेकवलं, आणि ताईनं दोन्ही तळहातांनी ते मधून कडेकडे दाबत आणलं. वाळूच्या पिशव्या ठेवल्या. मग एक दिवस दोघं थांबली.

नंतरची सकाळ ढगाळ होती. शाळेचा वर्ग किनाऱ्यावर जमलेला होता. ताईनं त्यांच्याकडे एकदा बघितलं, आणि मिस्त्रीला क्षणभर वाटलं की ही मागे फिरते. तिनं बोर्ड काखेत घट्ट केला आणि पाण्यात शिरली.

पहिली लाट तिनं सोडली. दुसरीही. तिसरीला तिनं हात मारले. बोर्डानं वेग घेतला, डावा पाय पुढे आला, गुडघा टेकला. आणि ती पडली नाही. लाट फुटत तिच्या मागे आली, तशी ती डावीकडे कलली, बोर्ड वळला. गेल्या चौदा महिन्यांत मिस्त्रीनं तिची मान एवढी ताठ पाहिली नव्हती. ती लाटेच्या कडेकडेनं सरळ किनाऱ्यापर्यंत आली, पार जिथे पाणी घोट्याएवढं उरतं तिथपर्यंत. बोर्डाचं पोट वाळूला लागलं आणि तो थांबला.

ताई उठली नाही. तशीच गुडघ्यावर, डोकं खाली घालून. गोंद सुटला, पाय मुरगळला, स्क्रू हलला, काय काय मिस्त्रीच्या मनात आलं. तो कपड्यांनिशी पाण्यातून पळत सुटला.

"ताई! काय झालं? दुखतंय का? थांब, मी उठवतो." त्यानं तिच्या दंडाखाली हात घातला.

तिनं तो हात धरला. तिचं सगळं अंग रडण्यानं हलत होतं, आणि तोंडभर हसू होतं.

"उठवू नकोस रे," ती म्हणाली. "अशीच राहू दे मला जरा."

मिस्त्री तिच्या शेजारी पाण्यात बसला. पुढची लाट आली, त्याची पँट कमरेपर्यंत भिजवून परत गेली. दोघंही हलली नाहीत.